डोळ्यापलीकडच्या ललिताबाई

काही नटांची नावे हळूहळू विशेषनामे राहत नाहीत, त्यांची सामान्यनामे होतात. ललिता पवार हे त्यातलेच एक. एखाद्या सासूचा खाष्टपणा वर्णन करायला मराठी घरांतून कधी चार वाक्ये खर्ची घालावी लागली नाहीत. ती अगदी ललिता पवार आहे, एवढे म्हटले की ऐकणारा समजून जाई. अभिनेत्रीला याहून मोठी पावती मिळणे कठीण. पण मला तो तिच्यावरचा अन्यायही वाटतो. कारण या एका शिक्क्याखाली आपल्या चित्रपटसृष्टीतली एक विलक्षण चतुरस्र अभिनेत्री झाकली गेली.

पैठण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव अंबा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. चित्रपट अजून बोलायला लागला नव्हता, तेव्हाच, १९२८ च्या सुमारास, ही मुलगी मूकपटांत कामे करू लागली आणि वयात येताच नायिका झाली. नुसती नायिकाच नव्हे. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. पुढे टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारलेला 'दुनिया क्या है' हा बोलपटही तिने काढला. बायकांनी तोंडाला रंग लावणे हेच जेव्हा लोकांच्या डोळ्यांवर येत असे, तेव्हा विशीच्या आसपासची एक मुलगी या धंद्यात निर्माती म्हणून उभी होती. आज आपल्याला हे आठवतसुद्धा नाही.

मग ती थप्पड. चाळीसच्या दशकात एका चित्रीकरणात भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. पुढे भगवानदादा म्हणून साऱ्या देशाला आवडलेला हा माणूस तेव्हा तरुण नट होता. अंदाज चुकला, हात जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा बारीक राहिला. वय अजून तिशीच्या आतले. ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, तिथे नायिकेचे भांडवल एका क्षणात बुडाले.

इथून पुढे आपण सगळे एक सोपी गोष्ट सांगतो: डोळा बारीक झाला, म्हणून दुष्ट भूमिका मिळाल्या, म्हणून त्या गाजल्या. मला ती पटत नाही. डोळ्याने भूमिका मिळाल्या असतील, पण डोळा अभिनय करत नाही. अधू डोळा तेवढा घेऊन कोणी चार दशके पडद्यावर टिकत नाही.

व्ही. शांताराम यांच्या १९५० च्या 'दहेज'मधली सासू पाहा. हुंड्यापायी सुनेचा जीव नकोसा करणारी ही बाई ओरडते तेव्हा नव्हे, गप्प राहून पाहते तेव्हा जास्त भीती वाटते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त (१९५९) अस्पृश्य घरातल्या मुलीची सावलीही नको असलेली म्हातारी त्यांनी केली. ती म्हातारी स्वतःला दुष्ट समजतच नाही, आपण धर्म पाळतो आहोत असेच तिला वाटते. म्हणून ती खरी वाटते. आपल्या आळीत, कदाचित आपल्याच माजघरात पाहिलेली वाटते. खलनायिकेला तिची स्वतःची बाजू द्यायची, पण प्रेक्षकांची कीव मागायची नाही, ही ललिताबाईंची रीत होती. जिला आयुष्यभरात घराच्या उंबऱ्याआतच काय ती सत्ता मिळाली, ती बाई ती सत्ता कशी राबवील, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आणि हाच करडेपणा त्यांनी मायेसाठीही वापरला. 'श्री ४२०'मधली (१९५५) फुटपाथवरची केळेवाली गंगामाई आठवा. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'तल्या (१९५९) मिसेस डिसा आठवा. भाड्यासाठी राज कपूरवर खेकसणारी ही घरमालकीण मनातून त्याची आई झालेली असते. मी 'अनाडी' पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर. ती मरते तेव्हा आमच्या घरात, ललिता पवारच्या नावाने एरवी बोटे मोडणाऱ्या बायकाच पदराने डोळे पुसत होत्या. या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही आला. हृषीदांनी 'आनंद'मध्ये (१९७१) त्यांना कडक मेट्रन केले आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवले.

विनोदही त्यांना वर्ज्य नव्हता. गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये (१९५५) मधुबालाला पुरुषजातीपासून जपणारी आत्या आणि 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) वेषांतर केलेल्या म्हाताऱ्या शम्मी कपूरवर भाळणारी करारी प्रौढा, दोघींचेही नाव सीतादेवी. शम्मीच्या उड्यांवर थिएटर हसत असते, तेव्हा उतारवयात पहिल्यांदा आरशासमोर रेंगाळणारी ही बाई मला मात्र हसवता हसवता अस्वस्थ करते. ती फसवली जाणार हे आपल्याला माहीत असते, तिला नसते.

१९४४ मध्ये 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई होत्या. १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या 'रामायणा'त त्या मंथरा झाल्या. दोन्ही भूमिका राजवाड्याच्या आतल्या दालनात बसून गादीचा वारसा फिरवू पाहणाऱ्या बायकांच्या. मध्ये ४३ वर्षे गेली, माध्यम बदलले, प्रेक्षकांची पिढी बदलली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि पाठीत वाकलेली ती म्हातारी कैकेयीच्या कानाशी लागली की घरोघर शिव्याशाप सुरू होत. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, त्या मुलांनाही मंथरेचा राग आला.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंधच्या घरी त्यांचे निधन झाले. पती रुग्णालयात होते, घरात त्या एकट्याच होत्या. पडद्यावर एवढ्या मोठ्या कुटुंबांना धाकात ठेवणाऱ्या बाईचा शेवट असा निःशब्द व्हावा, ही हुरहूर राहतेच. पण मला त्यांची कीव करवत नाही. चेहरा हातचा गेल्यावर नुसत्या अभिनयाच्या बळावर त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि नायिका म्हणून मिळाले असते त्याहून दीर्घ आयुष्य त्यांनी पडद्यावर मिळवले. त्या काळच्या किती नायिकांची नावे आज घराघरांत घेतली जातात? ललिताबाईंचे घेतले जाते. रागाने का होईना, पण घेतले जाते.