संत थॉमस मोर : शपथ आणि माया

देवाच्या नावाचा मान राखण्याची दुसरी आज्ञा आपण बालपणीच पाठ करतो. खोटी शपथ हा तिचाच भंग होय. त्या आज्ञेसाठी लंडनच्या थॉमस मोर यांनी प्राण दिले.

१४७८ साली जन्मलेले हे कायदेपंडित १५२९ मध्ये इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. राजा आठवा हेन्री ख्रिस्तसभेवर सत्ता गाजवू लागला, तेव्हा १५३२ मध्ये त्यांनी पद सोडले. १५३४ मध्ये वारसाहक्काच्या कायद्याची शपथ सक्तीची झाली. ॲन बोलिनच्या संततीचा गादीवरील हक्क मानण्यास मोर तयार होते. परंतु त्या शपथेत पोपमहोदयांचा अधिकारही नाकारावा लागत होता. मनाला न पटलेल्या गोष्टीसाठी देवाला साक्षी ठेवणे त्यांना शक्य नव्हते. त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली.

खरी कसोटी घेतली ती घरच्या मायेने. लाडकी कन्या मार्गारेट हिने, देवाच्या नियमात बसेल तेवढीच अशी पुस्ती जोडून, शपथ घेतली होती. वडिलांनीही घ्यावी म्हणून ती विनवीत राहिली. पत्नी ॲलिस तुरुंगात येऊन रागावली, तरी त्यांच्या तेथील खर्चासाठी तिने आपली वस्त्रे विकली. मोर नमले नाहीत. मात्र शपथ घेणाऱ्या कुणालाही त्यांनी दोष दिला नाही. मला हेच अधिक कठीण वाटते.

खटल्याहून परतताना मार्गारेट पहारेकऱ्यांमधून धावत जाऊन पित्याला बिलगली, आणि थोडे दूर जाऊन पुन्हा परतली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. लंडन ब्रिजवर लावलेले त्यांचे मस्तक मार्गारेटनेच मिळवून जपून ठेवले होते.