तीन वर्षे अडलेला प्रयोग

संशोधनाचा तात्काळ उपयोग काय, असे विचारण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. असा प्रश्न विचारणाऱ्यांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांच्या चरित्राकडे अवश्य पाहावे.

१८६० साली म्यूनिक येथे जन्मलेल्या बुखनर यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. पैशाअभावी शिक्षण थांबवून त्यांना डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करावे लागले. थोरले बंधू हान्स यांच्या आधारानेच ते पुन्हा अभ्यासाकडे वळू शकले.

साखरेपासून मद्यार्क तयार होण्यासाठी जिवंत पेशी अपरिहार्य आहे, हे पाश्चर यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. १८९३ साली बुखनर यांनी यीस्टच्या पेशी फोडून आतील द्रव्य तपासण्यास आरंभ केला. मात्र त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही, असे प्रयोगशाळेच्या मंडळाने ठरविले आणि ते काम तीन वर्षे बाजूस पडले.

१८९६ साली ते पुन्हा सुरू झाले. वाळू व किसेलगूर घालून यीस्ट कुटले गेले आणि दाब देऊन त्याचा रस काढण्यात आला. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी राखलेला हा रस नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली, तो रसातून बुडबुडे येऊ लागले! जिवंत पेशी नसतानाही किण्वन चालू होते. या कर्त्या द्रव्यास बुखनर यांनी झायमेज हे नाव दिले. १८९७ साली शोध प्रसिद्ध झाला व १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

झायमेज हे एकच द्रव्य नसून सुमारे बारा एंझाइमांची साखळी आहे, हे पुढील संशोधकांनी दाखविले. एकाने घडविलेला पदार्थ हाच दुसऱ्याचा कच्चा माल. हीच रीत आज कारखानदारीच्या दारी आली आहे. इस्लाट्राव्हिर हे एचआयव्हीविरोधी द्रव्य नऊ एंझाइमांच्या साहाय्याने, मधले पदार्थ वेगळे न काढता बनविण्याची पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली.

हे पाहण्यास बुखनर अर्थातच नव्हते. पहिल्या महायुद्धात रुमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन ऑगस्ट १९१७ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी ते निवर्तले. मंडळाने त्यांची तीन वर्षे घेतली, युद्धाने उरलेले आयुष्य. पहिले नुकसान टाळणे तरी आपल्या हाती आहे. प्रयोगाला नकार देणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.