रद्दीतून इतिहास वेचणारा माणूस

परवा माळा आवरायला काढला. पत्र्याच्या ट्रंकेत सासूबाईंची जुनी वही निघाली. किराण्याचा हिशोब, लोणच्याचं प्रमाण, मध्येच कुणाच्या बाळंतपणाची नोंद. रद्दीत टाकणार, तेवढ्यात आर्तुरो शॉमबर्ग आठवले आणि हात थांबला.

मैत्रिणींनो, शॉमबर्ग यांचा जन्म १८७४ सालचा, प्वेर्तो रिको बेटावरचा. आदल्याच वर्षी आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं होतं. काळ्या लोकांना इतिहासच नाही, असं शॉमबर्गना लहानपणी शाळेत ऐकवलं गेलं, असं सांगतात. तो सल त्यांच्या मनात कायमचा राहिला.

१८९१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. पुढे वीसेक वर्षं बँकेत टपाल विभागात नोकरी केली. मोठी पदवी नाही, घरची श्रीमंती नाही. पण जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळायची आणि पगारातून पैसे वाचवून काळ्या माणसांनी लिहिलेलं जे मिळेल ते घ्यायचं, हा त्यांचा ध्यास. पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, पत्रं, सगळं. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम मुलगी. तिचा कवितासंग्रह १७७३ मध्ये छापला गेला होता! तिचं लिखाणही त्यांनी जपलं. इतिहास नाही म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर कशाला हवं?

हार्लेम भागातल्या सार्वजनिक वाचनालयात अर्नेस्टीन रोझ या ग्रंथपालबाई होत्या. तिथे १९२५ मध्ये काळ्या लोकांच्या इतिहास-साहित्याचा खास विभाग सुरू झाला. पुढच्याच वर्षी कार्नेगी संस्थेच्या दहा हजार डॉलरमधून शॉमबर्ग यांचा संग्रह या वाचनालयासाठी घेतला गेला. त्यात पाच हजारांवर पुस्तकं होती. १९३२ पासून १९३८ मध्ये जाईपर्यंत त्यांनीच तो सांभाळला. आज त्यांच्या नावाच्या त्या केंद्रात कोटीभराहून जास्त वस्तू आहेत. आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे अभ्यासक जगभरातून तिथे येतात.

बचत गटात बायका मला नेहमी म्हणतात, ताई, आमच्यात लिहिण्यासारखं काय आहे? आता मी सांगते, निदान घरातल्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. आज्जी आहे तोवर तिला विचारून घ्या.

सासूबाईंची वही मी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं, माहेरचंसुद्धा.