मोतीबिंदूआडची कमळं

क्लोद मोने! आडनावावरून हा गृहस्थ गिरगावातला किंवा पुण्यातला वाटेल, पण हा मोने पक्का फ्रेंच. जन्म पॅरिसचा, १४ नोव्हेंबर १८४०. आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात एका चित्रकाराचं चरित्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, आपण प्रॅक्टिकलला रीडिंग घ्यायच्या आधी मीटरचा झिरो एरर तपासतो. पण ज्याचा मीटर म्हणजे त्याचे स्वतःचे डोळे, आणि तेच हळूहळू चुकीचं रीडिंग देऊ लागले, तर त्याने काय करायचं? मोनेच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं याच प्रश्नात गेली.

त्याचं बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेलं. शाळेत असल्यापासून तो लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा. बुदँ नावाच्या चित्रकाराने त्याला स्टुडिओतून उघड्यावर नेलं आणि समोर दिसतं ते तिथेच, त्याच उजेडात रंगवायला शिकवलं. तेव्हापासून ऊन, धुकं, पाणी आणि बर्फ हेच मोनेचे विषय झाले. १८७२ साली त्याने ल हाव्रच्या बंदरातला सूर्योदय रंगवला. १८७४ च्या प्रदर्शनात त्या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने टर उडवली आणि त्या टिंगलीतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव एका अख्ख्या पंथाला चिकटलं! पण नाव झालं म्हणून पोट भरत नाही. अनेक वर्षं उधारीत गेली, आणि १८७९ मध्ये पहिली बायको कामीय वारली.

१८८३ साली तो जिव्हेर्नी या खेड्यात राहायला गेला. पुढे पैसा आला, तेव्हा तेच घर विकत घेतलं, बागेत तळं केलं, त्यात कमळं लावली आणि वर जपानी पद्धतीचा लाकडी पूल बांधला. गवताच्या गंजी आणि रुआँचं कॅथेड्रल त्याने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं. मला तर ही चित्रं म्हणजे प्रयोगवहीच वाटते. वस्तू कायम ठेवायची, फक्त प्रकाश बदलायचा आणि नोंद करत जायची!

आणि मग मीटर बिघडला. १९११ मध्ये दुसरी बायको आलीस गेली, १९१२ मध्ये डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, आणि १९१४ मध्ये मोठा मुलगा झाँ गेला.

मोतीबिंदू म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात सांगते. डोळ्यातलं भिंग हे शरीरातलं एक अजब मटेरियल आहे. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. ते कांद्यासारखं थरावर थर चढून वाढतं आणि जुना थर कधी टाकला जात नाही. मधल्या गाभ्यातली क्रिस्टलिन नावाची प्रोटीन्स तर आपल्या जन्माच्याही आधी तयार झालेली असतात. म्हणजे एकदा बसवलेला पार्ट, ऐंशी वर्षं सर्व्हिस, आणि रिप्लेसमेंट नाही! वरून सूर्याची अतिनील किरणं येत राहतात. पेशींच्या रोजच्या कामकाजात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पदार्थही तयार होत असतात. हे पदार्थ प्रोटीन्सचं ऑक्सिडेशन करतात. लोखंडाला गंज चढतो तसंच काहीसं.

निसर्गाने त्यावर बंदोबस्तही केलाय. भिंगात ग्लुटाथायोन भरपूर असतं आणि सभोवतालच्या द्रवात व्हिटॅमिन सी रक्तापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. हे अँटिऑक्सिडंट स्वतः झिजून प्रोटीन्सना वाचवतात. पण वय वाढलं की बाहेरच्या थरांतलं ग्लुटाथायोन गाभ्यापर्यंत नीट पोचेनासं होतं. मग प्रोटीन्सचे सल्फर असलेले भाग एकमेकांना जोडले जातात, गुठळ्या बनतात, प्रकाश विखुरतो आणि भिंग पिवळट-तपकिरी होत जातं. असं भिंग सगळ्यात आधी निळा रंग गिळतं. निळ्या पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हीच शिक्षा मिळावी, याला काय म्हणायचं?

मोने जन्मभर उन्हात उभा राहिला आणि सिगारेटी ओढत राहिला. ऊन आणि धूम्रपान या दोन्ही गोष्टी आज मोतीबिंदूचा धोका वाढवणाऱ्या मानल्या जातात. त्याच्या बाबतीत कशाचा वाटा किती, हे ठरवता येणार नाही. शिवाय वय होतंच.

या काळात तो रंगांच्या ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांचा क्रम ठरवून काम करू लागला. कडक उन्हात दिसेना म्हणून कामाच्या वेळा बदलल्या. त्या वर्षांतली जपानी पुलाची चित्रं पाहा. हिरवा-निळा जवळजवळ हरवलाय आणि लाल-तपकिरी रंगांचा भडका उडालाय. काही कॅनव्हास तर त्याने रागाच्या भरात फाडून टाकले.

तरी काम सोडून चालणार नव्हतं, कारण शब्द दिला होता. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याने आपली चित्रं देशाला भेट देऊ केली. पंतप्रधान क्लेमांसो त्याचा जुना दोस्त आणि शिक्षणाने डॉक्टर. एप्रिल १९२२ मध्ये कमळांच्या भव्य चित्रांचा करार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. कुतेला यांनी तपासलं, तेव्हा उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता आणि डाव्याची नजर दहा टक्क्यांच्या आसपास उरली होती.

क्लेमांसो ऑपरेशनसाठी मागे लागला होता. मोने घाबरत होता, आणि ती भीती उगाच नव्हती. मेरी कसॅट या चित्रकार मैत्रिणीची ऑपरेशनं फसलेली त्याला ठाऊक होती. शेवटी जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा टाके नसत, म्हणून दोन्ही डोळे बांधून आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून दिवसचे दिवस न हलता पडून राहायचं. ब्याऐंशी वर्षांच्या तापट म्हाताऱ्याला हे कसं जमावं? जुलैत पुन्हा एक ऑपरेशन करावं लागलं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सोय १९४९ पर्यंत नव्हती. त्यामुळे जाड चष्मा आला आणि आता सगळं कधी पिवळं, कधी भलतंच निळं दिसू लागलं! डाव्या डोळ्याला मात्र त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. १९२४ नंतर डॉ. मावास यांच्या नव्या चष्म्यांनी थोडा आराम पडला. मग तो पुन्हा त्या कॅनव्हासांपुढे उभा राहिला आणि स्वतःचंच काम तपासून दुरुस्त करत राहिला.

माझी आजीसुद्धा दोन वर्षं मोतीबिंदू पिकू दे म्हणून थांबली होती. कुणीतरी तिला व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी तो विरघळतो असंही सांगितलं होतं. अमेरिकेतल्या एरेड्स नावाच्या मोठ्या अभ्यासात सहाएक वर्षं लोकांना सी, ई आणि बीटा कॅरोटीनचे मोठे डोस दिले. २००१ साली निष्कर्ष आला, की मोतीबिंदूवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. गाभ्यातली गुठळी गोळीने सुटत नाही. आज ऑपरेशन साधारण अर्ध्या तासात होतं आणि पिकायची वाट पाहावी लागत नाही. आजीला हे पटवायला मला मोनेची गोष्ट कामी आली. ऑपरेशननंतर तिला आपली मोरपंखी साडी खरंच मोरपंखी दिसली!

५ डिसेंबर १९२६ रोजी मोने गेला. जिवंत होता तोवर त्याने ती चित्रं हातची सोडली नाहीत. मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ओरांजरीत दोन लंबगोल दालनांमध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आठ चित्रं, दोन मीटर उंच, सगळी मिळून जवळजवळ शंभर मीटर लांब.

मला या माणसाच्या प्रतिभेपेक्षा त्याच्या शंकेचं कौतुक जास्त वाटतं. आपल्याला दिसतंय तेच खरं, असं त्याने धरून ठेवलं नाही. ट्यूबवरचं नाव वाचलं, चष्मे बदलले, घाबरत घाबरत का होईना पण टेबलावर झोपला. मीटर बिघडलाय हे ओळखून रीडिंग घेत राहणं, हे कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा अवघड काम आहे. आणि आपले डोळे तर अजून विशीतलेच आहेत. उन्हात टोपी-गॉगल घाला आणि कँटीनमागची ती सिगारेट तेवढी सोडा!