विश्लेषण : चीनच्या हल्ल्याचा धोका ३ वर्षे आधी ओळखणारे जनरल थोरात कोण होते?

१९६२ च्या चीन युद्धाची चर्चा निघाली की कोल्हापूरच्या एका सेनाधिकाऱ्याचे नाव हमखास घेतले जाते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनी १९५९ मध्येच नेफातील (आजचा अरुणाचल प्रदेश) संरक्षणातील उणिवा लेखी मांडल्या होत्या. हा इशारा काय होता आणि तो देणारे थोरात कोण होते?

ब्रह्मदेशात काय घडले?

थोरातांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे प्रशिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान भागात कांगॉ येथे जपान्यांशी भीषण लढाई झाली. तेथे लढलेल्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते : के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही 'डीएसओ' हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

कोरियातील कामगिरी कोणती?

कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. १९५३ मध्ये या दलाचे प्रमुख म्हणून मेजर जनरल थोरात यांची निवड झाली. दक्षिण कोरियाने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, त्यामुळे जहाजावरून त्यांना हेलिकॉप्टरने छावणीत न्यावे लागले.

सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले. गोळीबार केला असता तर रक्तपात अटळ होता. थोरात स्वतः कैद्यांच्या गराड्यात शिरले आणि बोलणी करून त्यांनी मेजरची सुटका करून घेतली. कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र श्रेणी २ (आजचे कीर्ती चक्र) प्रदान करण्यात आले.

१९५९ चा इशारा काय होता?

१९५७ पासून थोरात लखनौस्थित पूर्व विभागाचे प्रमुख होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली आणि नेफाची सीमा लष्कराकडे आली. ८ ऑक्टोबर रोजी थोरातांनी लष्करी मुख्यालयाला आराखडा पाठवला.

त्यांचे म्हणणे सरळ होते. सीमेपर्यंत रस्ते नाहीत, चौक्यांची रसद विमानातून टाकावी लागते. उलट तिबेटच्या पठारावरून चीनला सैन्य आणणे सोपे आहे. म्हणून सीमेवरील चौक्यांनी फक्त शत्रूच्या हालचालींची खबर द्यावी आणि मुख्य लढाई मागे, बोमडिलासारख्या भक्कम जागी द्यावी. तिथपर्यंत येताना चीनचीच रसद ताणली जाईल. मार्च १९६० मध्ये 'लाल किला' या सरावातून त्यांनी हेच वरिष्ठांपुढे मांडले.

इशाऱ्याचे पुढे काय झाले?

लष्करप्रमुख थिमय्या सहमत होते. मात्र संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना चीन हल्ला करेल हे मान्य नव्हते. मे १९६१ मध्ये निवृत्त होताना थिमय्यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांचे नाव सुचवले, पण निवड झाली पी. एन. थापर यांची. थोरातही निवृत्त झाले. पूर्व विभाग त्यांचे कांगॉतील सहकारी सेन यांच्याकडे गेला.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी हल्ला झाला. पुढे टाकलेल्या चौक्या काही दिवसांत कोसळल्या आणि नोव्हेंबरमध्ये बोमडिलाही पडले. पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. तो आराखडा आपल्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता, असे नेहरूंनी तेव्हा सांगितल्याची नोंद थोरातांच्या आत्मचरित्रात आहे.

निवृत्तीनंतर काय केले?

युद्धाच्या काळात स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेण्यात आले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. राज्याच्या सेवेत येणारे अधिकारी निवडण्याची ही जबाबदारी होती. 'फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात त्यांनी आराखड्याची हकिगत लिहून ठेवली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. लष्करप्रमुखपद त्यांना मिळाले नाही. पण १९६२ च्या पराभवाची कारणे तपासताना त्यांच्या त्या आराखड्याचा उल्लेख आजही टाळता येत नाही.