चिमटा जमिनीवर पडला

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवले १८९८ मध्ये. ओडेसात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी त्याआधीच भायखळ्यात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला ती टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. वास्तविक तिथे बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता. बँकेत चौकशीच्या फायली मीही चाळल्या आहेत. पण निर्दोष ठरायला पाच वर्षे! त्यासाठी रोनाल्ड रॉससारख्यांना झगडावे लागले. १९०७ मध्ये कलकत्त्याला नेमणूक मिळाली, लशीचे प्रयोग मात्र करू दिले नाहीत. १९३० साली ते लोझानला वारले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्येच लागले होते.