आमच्या मालवणचे घुर्ये

मी मूळचा मालवणचा, पण बंगळुरात येऊन तीस वर्षे झाली. गौरीच्या आदल्या दिवशी मल्लेश्वरमच्या एट्थ क्रॉसवर फुले घेताना ऑफिसातले एक कन्नड सहकारी भेटले. समाजशास्त्राचे एम.ए. असलेल्या त्या गृहस्थांनी सहज विचारले, की प्रोफेसर घुर्ये तुमच्याच गावचे ना? मला घुर्ये हे केवळ एक आडनाव म्हणून ठाऊक होते. शरमलो, आणि वाचायला लागलो.

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते संस्कृत घेऊन एम.ए. झाले. तसे ते संस्कृतचेच प्राध्यापक व्हायचे! पण १९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढून तो पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराकडे सोपवला. विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये रिव्हर्स हे गुरू लाभले, पण १९२२ मध्ये ते अकस्मात वारले. हॅडन यांच्याकडे प्रबंध पुरा करून घुर्ये परतले आणि १९२४ साली गेडीस यांच्या जागी विभागप्रमुख झाले. ते १९५९ मध्ये निवृत्त झाले.

त्यांचे जात आणि वंश या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९३२ साली निघाले. नाकाडोळ्यांची मापे घेऊन जातीचे मूळ वंशात शोधणाऱ्या रिस्ले साहेबांचा सिद्धांत साऱ्या देशाला लागू पडत नाही, हे त्यांनी त्याच मापांच्या आधारे दाखवले. इंग्रजांच्या शिरगणतीने जाती अधिक घट्ट झाल्या, असेही त्यांचे मत होते. आदिवासींना मात्र ते मागासलेले हिंदूच मानत. त्यावरून व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा वाद झाला, आणि तिथे मला घुर्यांची बाजू पटत नाही.

त्यांची खरी कमाई म्हणजे विद्यार्थी. स्वतः बहुतांशी ग्रंथांत रमणारा हा माणूस शिष्यांना मात्र गावोगाव, जमातीजमातींत पाठवी. इरावती कर्वे १९२८ साली त्यांच्याच हाताखाली एम.ए. झाल्या. १९५१ मध्ये त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी उभी केली.

आणि आपल्या या कर्नाटकाचे एम. एन. श्रीनिवास! म्हैसूरचा हा तरुण मुंबईला घुर्यांकडे शिकायला गेला, त्यांच्याच मार्गदर्शनाखाली त्याने कोडगूच्या लोकांवर प्रबंध लिहिला, मग ऑक्सफर्ड गाठले. पुढे गुरूची ग्रंथांवर भिस्त ठेवण्याची रीत त्यांनी सोडली. १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम ठोकून त्यांनी जात जशी जगली जाते तशी पाहिली. १९७२ पासून ते बंगळुरातल्या सामाजिक व आर्थिक बदल संस्थेत होते आणि १९९९ मध्ये इथेच वारले. घुर्ये त्याआधीच, १९८३ च्या डिसेंबरात, नव्वदी गाठून गेले होते.

आमच्या सहकाऱ्यांना आता मालवण पाहायचे आहे. घुर्यांचे घर कुठल्या वाडीत होते, हे मला त्याआधी गावी फोन करून विचारून ठेवायला हवे.